डाव्याला मध, उजव्याला पट्टी

अंगण झाडून बीरा मागं वळली, तर झाडलेल्या मातीवर ओले ठसे. सासू नुकतीच घरातून चुलीपाशी जाऊन परत उंबऱ्यावर येऊन बसली होती. उजव्या पावलाच्या ठशात चवड्याखाली नाण्याएवढा ओला डाग होता, डाव्याच्या ठशात टाचेखाली. एकही पाऊल सुटलं नव्हतं. पाणी सांडलं असेल म्हणून बीरानं बोटानं माती चाचपली. बोट चिकटलं, आणि वास आला.

"आत्याबाई, पाय दाखवा बघू."

"पायाला काय झालंय? दुखत नाही, खुपत नाही."

"दाखवा तर."

काबुघोनं कुरकुरत आधी उजवा पाय वर घेतला, मग डावा. उजव्या चवड्याला भोक पडलं होतं. कडा पांढऱ्याफटक आणि जाड, पाण्यात चार दिवस भिजलेल्या कसावाच्या कंदासारख्या. डाव्या टाचेचं भोक त्याहून लहान, पण खोल. बीरानं कोपऱ्यातले रबरी बूट उचलून उलटे केले. एकातून मिठाचा खडा पडला, दाताएवढा, टोकदार. दुसऱ्याच्या तळातून खिळा वर आलेला होता.

"हे तुमच्या बुटात होतं."

"माझ्या? मग मला कळलं नसतं होय?"

बीरानं खडा हातातच धरून ठेवला, मग चुलीमागं टाकून दिला.

काबुघोला साखरेचा आजार जडून नऊ वर्षं झाली होती. काट्वेच्या खाऱ्या तळ्यात तिच्या आईचा वाफा होता, तो तिच्याकडं आला होता, आणि चाळीस वर्षं ती त्यात मांडीभर पाण्यात उभी राहून मीठ काढत होती. मुलगा मासेरेका दोन वर्षांपूर्वी मिठाच्या ट्रकवर बसून गेला तो गेलाच. जगतोय, कुणा बाईबरोबर राहतोय, एवढंच कुणीतरी सांगितलं. बीरा माहेरी गेली नाही. का गेली नाही हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. सकाळ झाली की ती उठत होती, दुसऱ्यांच्या वाफ्यांवरचं मीठ डोक्यावरून धक्क्यापर्यंत वाहत होती आणि संध्याकाळी कसावाच्या पिठाचा, बुंडूचा उंडा घोटत होती.

त्याच दिवशी तिनं सासूला भाड्याच्या मोटरसायकलवर मध्ये बसवून रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात नेलं.

सिस्टर अतुहैरे तिथं आठवड्यातून दोनदा पायांचे रोगी बघायची. उंच, सडपातळ बाई, बोलताना हात थांबत नसत. तिनं काबुघोला खाटेवर झोपवलं, हातात नायलॉनचा आखूड, ताठ दोरा घेतला.

"आजी, डोळे मिटा. मी दोरा पायाला टेकवीन. लागला की 'हो' म्हणा."

काबुघोनं डोळे मिटले. जरा वेळानं म्हणाली, "हो." मग, "हो." मग पुन्हा, अगदी खात्रीनं, "हो."

दोरा अजून हवेतच होता. बाकावर बसलेल्या बायांनी तोंडावर हात घेतले, एकीला हसू आवरलं नाही.

"आजी, मी अजून टेकवलाच नाही."

काबुघोनं डोळे उघडले. तिची मान ताठ झाली. "मग लवकर टेकव की. मला कामं आहेत."

सिस्टरनं दोरा टेकवला. दहा ठिकाणी टेकवला. काबुघो 'हो' म्हणाली नाही, आता ती मुद्दामच तोंड मिटून पडून होती. बीराला कळेना की तिला लागत नाही की ती रागावलीय. सिस्टरनं ब्लेडनं जखमेच्या कडेची जाड कातडी कापून काढली, तेव्हाही ती छताकडं बघत राहिली आणि पाली मोजल्यासारखं म्हणाली, "पत्र्याला भोक आहे तुमच्या."

मग पाकिटं आली. मोठ्या इस्पितळाच्या डॉक्टरांना बघायचं होतं, अशा जखमेला मध बरा की मिठाच्या पाण्यात भिजवलेली साधी पट्टी बरी. बंद पाकिटात चिठ्ठी होती. चिठ्ठी सांगेल ते औषध. या पाहणीत यायचं नसलं तरी चालेल, उपचार बंद होणार नाहीत, असंही सिस्टरनं दोनदा सांगितलं.

"तुमच्या दोन जखमा, म्हणून दोन पाकिटं. उचला."

काबुघोनं उचलली. डाव्या टाचेला मध आला. उजव्या चवड्याला पट्टी.

"मिठाचं पाणी?" काबुघो कोपरावर उठून बसली. "बाई, चाळीस वर्षं मी मिठात उभी आहे. मिठानं बरं व्हायचं असतं तर माझ्या पायाला आत्तापर्यंत सोन्याची कातडी आली असती."

आता बाकावरच्या बाया तिच्या बाजूनं हसल्या. सिस्टरही हसली.

"तुमचं मीठ मासे खारवायचं, आजी. आमचं उकळलेल्या पाण्यातलं, डोळ्यातल्या पाण्याइतकंच खारट."

तिनं जखमेवर पारदर्शक कागद धरून पेनानं कड गिरवली. दोन्ही पायांचे दोन आकार झाले. चवड्याचा लांबट, टाचेचा वाटोळा. दर आठवड्याला असेच काढायचे होते. बीराला तिनं मधाची बरणी दिली, पट्ट्यांची पिशवी दिली, करून दाखवलं. मध आणि मिठाच्या पाण्याची पट्टी, दोन्ही रोज. हात कसे धुवायचे, जुनी पट्टी ओढून न काढता भिजवून कशी सोडवायची.

"आणि आता जे सांगते ते पाकिटात नाही, ते दोन्ही पायांना सारखंच," सिस्टर म्हणाली. "उभं राहायचं नाही. वाफ्यात तर मुळीच उतरायचं नाही."

"किती दिवस?"

"जखम भरेपर्यंत."

"हंगाम आहे, बाई."

"ते मला ठाऊक आहे."

परत येताना काबुघो मोटरसायकलवरून वाफ्यांकडंच बघत होती.

त्या वर्षी ऊन चांगलं होतं. वाऱ्याला खारट, सडक्या अंड्यासारखा वास होता, वाफ्यांवर सकाळी पडलेली मिठाची पांढरी साय दुपारपर्यंत घट्ट होत होती. बाया मांडीभर पाण्यात उभ्या राहून लांब फळीनं तळाचा चिखल ढवळत होत्या, साय बुडवत होत्या, तळाशी बसलेलं मीठ हातानं ओढून बांधावर टाकत होत्या. ढवळलं नाही तर साय दगड होते आणि खाली मीठ धरत नाही. काबुघोचा वाफा घरापासून दोनशे पावलांवर होता. उंबऱ्यावर बसलं की दिसत होता. ती दिवसभर उंबऱ्यावर बसत होती.

तिचा धाकटा भाऊ बालुकू एक दिवस दोरीला ओवलेला मासा घेऊन आला. त्याचे स्वतःचे दोन वाफे होते, तिसराही असता तर त्याला चालला असता.

"ताई, तुझ्या वाफ्यावर आता माणूस चालेल, एवढी साय झालीय."

"चाल मग. बुडलास की कळेल."

"मी ढवळून देतो की."

"तू ढवळशील आणि मंडळाची फेरी आली की बगांबेला सांगशील, मी ढवळला."

"सांगेन तर. खोटं कशाला बोलू?"

तळ्याच्या मंडळाचा रिवाज सगळ्यांनाच ठाऊक होता. हंगामाच्या मध्यावर म्हातारा बगांबे चार माणसं घेऊन बांधाबांधानं फिरायचा. ज्या वाफ्यात घरच्या माणसाचं पाऊल नाही तो वाफा रक्ताच्या नात्यातल्या पुढच्या माणसाकडं जायचा.

"नाहीतर सुनेला उतरव," बालुकू म्हणाला. बोलायचं म्हणूनच बोलला तो.

"सुनेला?" काबुघोनं बीराकडं बघितलंही नाही. "नवरा जाग्यावर नाही, पोर नाही. उद्या उठून माहेरी निघाली तर वाफा काय टोपलीत घालून बरोबर देऊ?"

बीरा चुलीपाशी मासा खवलत होती. खवलत राहिली. शेपटीपासून डोक्याकडं, मग उलटून दुसरी बाजू. खवलं तिच्या मनगटाला चिकटली होती. तिला वाईट वाटायला हवं होतं असं तिला वाटलं, पण मासा तेवढा साफ झाला.

रोज दुपारी ती पाणी उकळून गार करायची, सासूचे पाय मांडीवर घ्यायची. आधी मधाचा पाय, मग पट्टीचा. मधाला मुंग्या यायच्या म्हणून खाटेचे चारी पाय पाण्याच्या डब्यांत ठेवले होते. शेजारच्या बाया भांडी घासता घासता विचारायच्या, "कोण पुढं आहे गं? मध का मीठ?" दुसऱ्या आठवड्यात सिस्टरनं कागद कागदावर ठेवून दाखवला तेव्हा टाचेचा वाटोळा आकार निम्म्यावर आला होता. चवड्याचा होता तेवढाच होता, उलट एका कडेनं जरा पसरला होता.

"मध जिंकतोय," काबुघो म्हणाली.

"इतक्यात काही सांगता येत नाही," सिस्टर म्हणाली.

त्यानंतरच्या दुपारी बीरानं डाव्या टाचेला मध लावला. जखमेच्या तळाला लाल, दाणेदार, ओलं मांस आलं होतं, डाळिंबासारखं. मग तिनं उजवा पाय घेतला. तिथं राखाडी, बुळबुळीत. बरणी उघडीच होती. तिनं मिठाच्या पाण्याची पट्टी पिळून बाजूला ठेवली आणि चवड्याला मध लावला. ठरवून केलं नाही, हात तिकडं गेला. काबुघो वाफ्याकडं बघत होती, तिला पायाला काय होतंय ते कळायचा प्रश्नच नव्हता. वरून बीरानं पट्टी नेहमीसारखीच बांधली.

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. तिसऱ्या दिवशी तर तिनं आधी उजव्यालाच लावला. सांगावं असं दोनदा तोंडाशी आलं, पण कुणाला सांगायचं हे ठरेना. मध लावूनही चवडा भरत नव्हता. भोकाच्या तोंडाशी आता वास होता आणि बाजूचं बोट फुगून चकाकत होतं. काबुघोच्या अंगात कणकण होती. बीरा बरणीत बोट घालून आणखी मध घ्यायची, तळ लागेपर्यंत.

तपासणीच्या दिवशी सिस्टरनं आधी बरणी बघितली.

"महिनाभराचा मध दिला होता. कुठं गेला?"

मग तिनं उजव्या पायाची पट्टी सोडली, नाकाजवळ नेली आणि हात थांबले.

"या पायाला मध कुणी लावला?"

"मी," बीरा म्हणाली.

"का?"

"डावा भरत होता."

काबुघोनं मान वळवून सुनेकडं बघितलं. सिस्टर रागावेल, ओरडेल म्हणून बीरा वाट बघत उभी राहिली. सिस्टरनं वही उघडली, एका ओळीवर आडवी रेघ मारली आणि बाजूला चार शब्द लिहिले.

"हा पाय आता वहीत धरता येणार नाही."

"म्हणजे पाय बाद?" काबुघोनं विचारलं.

"कागदावरून बाद, आजी."

तिनं पट्टी पुन्हा उजेडात धरली. आतल्या घडीत पांढरी, खरखरीत रेघ होती. तिनं ती बोटांत चुरगळली. "आणि हे? हे मीठ माझं नाही."

बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं.

"रोज जात नाही," काबुघो शेवटी म्हणाली. "ही धक्क्यावर मीठ वाहायला गेली की जाते. तासभरच. पिशवी बांधते पायाला, वरून बूट. फाटली असेल पिशवी."

"आत्याबाई."

"बांधावरून ढवळता येत नाही गं. उतरावंच लागतं. फळी रेटायची तर पुढच्या चवड्यावर जोर द्यावा लागतो, टाच टेकवतच नाही मी."

बीरानं तिच्या बुटांकडं बघितलं. धुऊन, पुसून, चकचकीत केलेले होते. रोज संध्याकाळी असेच कोपऱ्यात असायचे आणि तिला कधी काही वाटलं नव्हतं.

सिस्टरनं बारीक, बोथट सळई घेतली आणि चवड्याच्या भोकात घातली. सळई जात राहिली. मग टक्क असा बारीक आवाज झाला, वाटीवर नख आपटल्यासारखा.

"हाड," ती म्हणाली. "आजच मोठ्या इस्पितळात न्यायला हवं."

काबुघोचा चेहरा होता तसाच होता. तिला काहीच लागलं नव्हतं. बीराच्या मात्र दातांत तो आवाज बसला.

"मी मध लावला म्हणून झालं का?" तिनं दारात विचारलं.

"नाही. मधानं नाही, आणि पट्टी लावली असती तरी हेच झालं असतं. वर उभं राहिलं तर खाली काय भरणार?" सिस्टर चिठ्ठी लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "पण मला सांगायला हवं होतंस."

"हो."

बीराला मोकळं वाटायला हवं होतं. तिनं सासूला उचलून गाडीत बसवलं आणि पायाखाली उशी दिली.

मोठ्या इस्पितळात तीन आठवडे गेले. उजव्या पायाचा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि त्यांच्या मागचं थोडं हाड डॉक्टरांनी काढलं. कंबरेत सुई देऊन काढलं, काबुघो जागीच होती. बाहेर आणल्यावर ती बीराला म्हणाली, "सुई उगीच फुकट घालवली त्यांनी. मी सांगत होते, नको म्हणून." मग तोंड भिंतीकडं करून झोपली. बीरा खाटेखाली चटई टाकून राहिली. सकाळी बाहेरच्या चुलवणावर लापशी शिजवायची, भांडं द्यायची, घ्यायची, चादर बदलायची. तिकडून बालुकूचा निरोप आला की वाफ्याची काळजी करू नका, मी ढवळतोय. काबुघोनं तो निरोप दोनदा ऐकून घेतला आणि लापशी तशीच बाजूला सारली.

घरी परतताना त्या रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात उतरल्या. उजव्याला आता साधंच ड्रेसिंग होतं, ते कुठल्याच पाकिटातलं नव्हतं. डावी टाच मात्र भरली होती. सिस्टरनं पारदर्शक कागद धरला, पेन हातात घेतलं, आणि गिरवायला काहीच नव्हतं म्हणून कागद तसाच वहीत ठेवला.

"मग? कोण जिंकलं?" काबुघोनं विचारलं.

"तुमचा एकच पाय वहीत राहिलाय, आजी. असे शंभरावर पाय आहेत. सगळ्यांचं झालं की डॉक्टर सांगतील."

"पण माझ्या पायाला विचारलं तर?"

"तुमच्या पायाला कुठं काय कळतंय?"

काबुघो हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. हसताना तिचे दात पिवळे आणि लांब दिसले, आणि ती किती वाळलीय ते बीराच्या लक्षात आलं.

मंडळाची फेरी चौथ्या दिवशी होती. काबुघोनं सकाळीच मोटरसायकलवाल्याला बोलावलं आणि स्वतःला दोनशे पावलं नेऊन बांधावर ठेवायला सांगितलं. उपड्या डब्यावर बसून तिनं गुंडाळलेला पाय दुसऱ्या डब्यावर घेतला. वाफा ढवळलेला होता. साय पातळ होती, बांधावर बालुकूनं काढलेल्या मिठाचा ढीग होता, स्वच्छ आणि कोरडा.

बगांबे काठी टेकत आला, मागं चौघं. बालुकू आधीच येऊन उभा होता.

"कुणाचं पाऊल आहे इथं?" बगांबेनं विचारलं.

"तीन आठवडे माझं," बालुकू म्हणाला. "ताईला विचारा. खोटं असेल तर सांगेल."

"खरं आहे," काबुघो म्हणाली. "भावानं बहिणीचं काम केलं. तो ढीग त्याचा, घेऊन जाऊ दे. पण वाफ्यात घरचं पाऊल आहे."

"कुठंय?"

"बीरा, उतर."

बीरा बांधाच्या मागं पाण्याची कळशी घेऊन उभी होती. आपलं नाव ऐकूनही ती तशीच उभी राहिली.

"ही?" बालुकू म्हणाला. "ताई, तूच म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते. माझ्या तोंडानं म्हणाले होते, त्याच तोंडानं आता हे म्हणतेय."

"नातं काय लागतं हिचं?" बगांबेनं विचारलं. सगळ्यांना ठाऊक होतं, पण विचारायची पद्धत होती. "मुलगा तर नाही जाग्यावर."

"माझ्या पायाचं हाड पाहिलंय हिनं," काबुघो म्हणाली. "तू पाहिलंस? बालुकूनं पाहिलं?"

मागच्या चौघांतला एकजण खोकला. बगांबेनं काठीनं बांधाची माती उकरली, पुन्हा बसवली. बालुकू तळ्याकडं बघत होता.

"या हंगामापुरतं," बगांबे शेवटी म्हणाला. "पुढच्या हंगामात पुन्हा बघू. आणि ढीग बालुकूचा."

"ढीग बालुकूचा," काबुघो म्हणाली.

माणसं पुढच्या बांधावर गेली. बालुकू पोती आणायला गेला. जाताना बहिणीकडं न बघता तो बीराला म्हणाला, "डावीकडं खोल आहे, सांभाळ."

काबुघोनं कमरेची पुरचुंडी सोडली. कसावाचं पीठ होतं. "नडगीवरच्या ओरखड्यांना लाव दाबून, खारं पाणी आत जात नाही. सगळ्या बाया लावतात." बीरानं कळशी खाली ठेवली, लुगडं वर खोचलं, पीठ लावलं. मग वाफ्यात उतरली. पाणी कोमट होतं, जड होतं, पिंढऱ्यांवरून चढत मांडीला आलं. तळाच्या चिखलात पाऊल घोट्यापर्यंत गेलं. काबुघोनं बसल्या जागेवरून फळी पुढं केली.

"अशी नाही. टोक खाली. रेट."

बीरानं रेटली. साय मोडून बुडाली, खालून काळं पाणी वर आलं. पीठ केव्हाच सुटून गेलं होतं. आधी नडग्यांवर, मग गुडघ्यांच्या मागं, मग आत मांड्यांपर्यंत मीठ चावायला लागलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हात फळीवर होते, म्हणून तिनं ते पुसलं नाही.

"जळतंय का?" काबुघोनं विचारलं.

"हो."

"कुठं कुठं?"

"सगळीकडंच."

"जळू दे. पण जळायचं थांबलं ना, तर तशीच उभी राहू नकोस. बाहेर ये आणि आधी पाय बघ."

"बरं," बीरा म्हणाली आणि फळी पुन्हा पाण्याखाली घातली.